गरम पाणी ओतल्यावर दिसणारा बिल्ला

मागच्या वेळी आपण शोधनिबंधातला आलेख कसा वाचायचा ते पाहिलं. त्यावर काही जणांचा प्रश्न आला: आलेखाचं ठीक आहे, पण चित्राचं काय? फोटो, आकृती, बोधचिन्ह हे पुरावा म्हणून कधी चालतं आणि कधी चालत नाही? प्रश्न चांगला आहे. उत्तरासाठी मी आमच्या घरातला एक मग घेतलाय. आज त्याचं परीक्षण करू, पुस्तकाचं करतात तसं. आणि त्याचं परीक्षण करताना मी स्वतः कुठे घसरले तेही सांगते, कारण तुमच्या उपयोगाचं खरं तेच आहे.

आधी वस्तूचं वर्णन. अर्थ नंतर. (हा क्रम प्रयोगशाळेतही पाळा. मी पाळला नव्हता.)

साधा चिनी मातीचा, चहा-कॉफीचा मग. बाहेरून काळाकुट्ट, आतून पांढरा. दुकानात याला 'मॅजिक मग' म्हणतात. गरम पाणी ओतलं की काळा रंग विरत जातो आणि सोनेरी चित्र दिसायला लागतं: एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या दोन मशीनगन, मध्ये एक उंच स्तंभ, खाली पट्टीवर 'द महार एमजी रेजिमेंट' ही इंग्रजी अक्षरं. त्याखाली 'हवालदार', माझ्या आजोबांचं नाव आणि '1965–1983'. पाणी कोमट झालं की सगळं पुन्हा काळं.

आजोबा बदलापूरला राहतात. त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला माझ्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, हा मग उल्हासनगरच्या एका दुकानातून छापून आणला. दादा अंबरनाथच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. कामावरून सुटल्यावर एक स्टेशन मागे जाऊन ऑर्डर दिली, दोन दिवसांनी मग हातात. केक कापून झाल्यावर आईने चहाचं आधण थेट त्यात ओतलं. बिल्ला उमटला तशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आजोबांनी चष्मा लावला, मग फिरवून फिरवून पाहिला आणि म्हणाले, "छान आहे रे. पण हा माझा नाही."

दादाचा चेहरा उतरला. त्याला वाटलं, आजोबांना आवडला नाही. पण आजोबा तसं म्हणत नव्हते. ते उठून आत गेले, पत्र्याच्या ट्रंकेतून रुमालात बांधलेला त्यांचा टोपीवरचा बिल्ला आणला आणि मगाशेजारी ठेवला. दोन मशीनगन आहेत, तिवई आहे. पण मध्ये स्तंभ नाही, खंजीर आहे.

आता पहिला मोह आवरा. उल्हासनगर म्हटलं की आपल्याकडे 'मेड इन यूएसए'चा विनोद ठरलेला असतो: यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. मीही लगेच म्हणाले, "दुकानदाराने कुठलं तरी चुकीचं चित्र चिकटवलं." पण दुकानदाराने काहीच निवडलं नव्हतं. दादाने मोबाईलवरून जे चित्र पाठवलं तेच त्याने इमानाने छापलं होतं. तसं पाहिलं तर हे शहर मुळात लष्करी छावणीच. दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची ट्रान्झिट कॅम्प. फाळणीनंतर तिथल्या बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबं राहिली आणि 1949 मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळालं. आजही पत्ता सांगताना लोक कॅम्प नंबर एक, कॅम्प नंबर चार असंच सांगतात. तेव्हा विनोद बाजूला. चूक घरातली होती, आणि खरं तर ती साधी चूकही नव्हती.

दोन बिल्ले, दोन्ही खरे

दादाने पाठवलेलं चित्र बनावट नव्हतं. महार रेजिमेंटची पहिली बटालियन 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला उभी राहिली. सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. 1946 मध्ये तिला मशीनगन रेजिमेंट केलं, तेव्हा बिल्ल्यात आडव्या-तिडव्या दोन व्हिकर्स मशीनगन आल्या. स्तंभ राहिला, आणि पट्टीवर 'एमजी' ही अक्षरं आली. पुढे स्तंभ गेला, त्या जागी खंजीर आला. नंतर मशीनगन रेजिमेंट हे रूपही राहिलं नाही, ती पायदळाची रेजिमेंट झाली. पण बिल्ल्यावरच्या मशीनगन तशाच राहिल्या. आजोबा 1965 ला भरती झाले. त्यांच्या टोपीवर सुरुवातीपासून खंजीरच.

म्हणजे मगावरचं चित्र खरं आहे. नाव आणि सालही खरं आहे. पण दोन्ही एकाखाली एक छापल्यावर जे वाक्य तयार होतं, 'या माणसाने 1965 ते 1983 हा बिल्ला लावला', ते खोटं आहे. दोन खऱ्या गोष्टी शेजारी ठेवल्या आणि तिसरी खोटी तयार झाली. प्रबंधात असं किती सहज होतं याचा विचार करा. एका नमुन्याचा सूक्ष्मदर्शकाखालचा फोटो, खाली दुसऱ्या बॅचचं तापमान. फोटो खरा, तापमान खरं, आकृती क्रमांक 4 खोटी.

दादा मात्र ऐकेना. "मी मुद्दाम स्तंभ घेतला," तो म्हणाला. "खंजीर कुणाच्याही बिल्ल्यावर असतो. स्तंभ आपला आहे."

हे नुसतं हट्टाने बोललेलं नाही, यामागे मोठी गोष्ट आहे. 1 जानेवारी 1818 ला भीमेकाठच्या कोरेगावात कंपनीच्या बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीची तुकडी पेशव्यांच्या फौजेशी लढली. तिथल्या स्तंभावर कोरलेल्या नावांत 22 नावं 'नाक' या शेवटाची, म्हणजे महार शिपायांची आहेत. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी 'लढवय्या जाती'चं धोरण आलं आणि महारांची भरती बंद झाली. स्वतः पलटणीतून निवृत्त झालेल्या गोपाळ बाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध सरकारला अर्ज लिहिला. पहिल्या महायुद्धात 111वी महार पलटण उभी केली, युद्ध संपल्यावर 1921 मध्ये मोडली. सुभेदार रामजी सकपाळांचे चिरंजीव डॉ. आंबेडकर 1 जानेवारी 1927 ला कोरेगावला गेले. 1941 मध्ये ते व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते आणि महारांच्या भरतीसाठी त्यांनी आग्रह धरला. ज्यांना दारातच अडवलं होतं, त्यांना टोपीवरचा बिल्ला म्हणजे दागिना नव्हता. आत घेतल्याची ती पावती होती. दादा दर 1 जानेवारीला कोरेगावला जातो. त्याने स्तंभ का निवडला ते मला समजतं.

आजोबांचंही ऐका. ते म्हणाले, "स्तंभाला मी हात जोडतो. पण माझ्या कंपनीत सगळ्या मुलखातली पोरं होती, आणि आम्ही सगळे खंजिराखाली उभे राहिलो. जे गेले ते त्याच बिल्ल्यात गेले. त्यांना सोडून मी दुसरा बिल्ला कसा लावू?"

आमच्या घरात त्या संध्याकाळी कुणीच चुकीचं बोलत नव्हतं. दादा समाजाचा इतिहास सांगत होता, आजोबा स्वतःची नोकरी सांगत होते. मगावर जागा एकाच चित्राची होती. म्हणून माझं या वस्तूबद्दलचं पहिलं मत असं: नाव घातलेली भेटवस्तू म्हणून मग फसला. त्यात छपाईचा दोष नाही. दोन वेगळी विधानं एका मथळ्याखाली कोंबली, तिथे तो फसला.

माझी चूक

आता माझ्याकडे वळू. मी रंगद्रव्यं आणि पॉलिमर यांवर काम करते, त्यामुळे मग पाहून मला भलतंच सुचलं. राष्ट्रीय विज्ञान दिनाला अंबरनाथच्या एका शाळेत मला बोलायचं होतं. मी हा मग न्यायचं ठरवलं आणि टिपणात लिहिलं: 'काळ्या पडद्यामागे दडलेला इतिहास ऊब मिळताच बाहेर येतो.' वाक्य मला फार आवडलं होतं. स्तंभ, बंदी, पुन्हा भरती, सगळं त्यात बसत होतं. दोन दिवस मी खुशीत होते.

मग एका सकाळी बदलापूरच्या घरी खिडकीशी मग हातात धरला होता. रिकामा, थंड. ऊन तिरकं येत होतं. आणि काळ्यावर मला बिल्ला दिसला. रंग नव्हता, पण कड होती: स्तंभाची, मशीनगनची, अक्षरांचीसुद्धा. छापलेल्या भागाची चकाकी बाकीच्यापेक्षा किंचित वेगळी होती.

चित्र पडद्यामागे असतं तर हे दिसलं नसतं. चित्र पडद्याच्या पुढे होतं.

हे कसं, ते नीट पाहू. असे कोरे मग आधीच तयार मिळतात: पांढरी चिनी माती, तिच्यावर उष्णतेने बदलणारा काळा थर, त्याच्यावर पॉलिमरचा पारदर्शक थर. दुकानदार चित्र खास कागदावर उलटं छापतो, मगाभोवती गुंडाळतो आणि मगाच्या प्रेसमध्ये साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअसला काही मिनिटं तापवतो. कागदावरचं रंगद्रव्य वायुरूप होऊन वरच्या पॉलिमरमध्ये शिरतं. याला सब्लिमेशन छपाई म्हणतात. हे रंग पारदर्शक असतात आणि त्यांत पांढरा नसतो. चित्रात जिथे पांढरं दिसतं तिथे काहीच छापलेलं नसतं, तो मगाचा स्वतःचा पांढरा असतो. पारदर्शक रंग दिसायचा तर प्रकाश त्यातून जाऊन मागच्या पांढऱ्यावर आपटून परत यावा लागतो. मागे काळं असेल तर प्रकाश परत येतच नाही. म्हणून थंड मगावर चित्र समोर असूनही दिसत नाही.

सगळे मॅजिक मग असेच असतात असं मात्र म्हणू नका. काहींत चित्र आधी चिनी मातीवर भाजतात आणि काळा थर नंतर चढवतात. तिथे पडद्याची उपमा चालेल. एकच नग हवा तेव्हा छापून देणाऱ्या दुकानात मात्र चित्र वरच असणार, कारण त्यांच्याकडे मग काळा होऊनच येतो. एका नमुन्यावरून सगळ्या जातीबद्दल बोलायचं नाही, हा नियम माझ्या मगालाही लागू आहे.

आता काळ्या थराकडे. त्यात काही मायक्रोमीटर आकाराच्या पॉलिमरच्या बंद कुप्या असतात, आणि प्रत्येक कुपीत तीन गोष्टी. एक, ल्यूको रंगद्रव्य. पुस्तकांत नेहमी क्रिस्टल व्हायोलेट लॅक्टोनचं उदाहरण देतात, काळ्यासाठी फ्लुओरान गटातली रंगद्रव्यं वापरतात. दोन, डेव्हलपर, म्हणजे सौम्य आम्ल. बिस्फेनॉल-ए हे त्याचं जुनं उदाहरण. तीन, ठरावीक तापमानाला वितळणारा मेणासारखा पदार्थ, बहुधा लांब साखळीचं अल्कोहोल किंवा एस्टर. टेट्राडेकॅनॉल साधारण 38 अंशांना वितळतं, हेक्साडेकॅनॉल 49 च्या आसपास. थंड असताना डेव्हलपर रंगद्रव्याला धरून असतो. रंगद्रव्याच्या रेणूतलं लॅक्टोनचं कडं उघडलेलं राहतं आणि रंग दिसतो. मेण वितळलं की डेव्हलपर त्यात विरघळतो, रंगद्रव्य सुटतं, कडं मिटतं, रंग जातो. थंड झालं की उलट प्रवास.

हा प्रवास त्याच वाटेने होत नाही, हेही पाहण्यासारखं आहे. मेण वितळायला जे तापमान लागतं त्यापेक्षा थोडं खाली गेल्यावरच ते पुन्हा गोठतं. त्यामुळे काळा रंग जातो एका तापमानाला आणि परततो त्याच्या खाली. घरी थर्मामीटर असेल तर करून पाहा; हिस्टेरेसिस हा शब्द वाचून जे कळत नाही ते एका मगात कळतं. आणखी एक. एटीएमची पावती खिशात राहून पुसट होते ना? तिथेही ल्यूको रंगद्रव्य आणि डेव्हलपर हीच जोडी असते. तिथे उष्णतेने दोघं एकत्र येऊन रंग उमटतो, इथे उष्णतेने दूर जाऊन रंग जातो. रसायनं तीच, मांडणी वेगळी, परिणाम उलटा.

म्हणून प्रात्यक्षिकाचं साधन म्हणून या मगाला मी पैकीच्या पैकी देते. साडेतीनशे रुपयांत ऑप्टिक्स, आम्ल-आम्लारी, वितळणबिंदू आणि मायक्रोकॅप्सूल, सगळं एका घोटात.

पण माझं आवडतं वाक्य गेलं. 'दडलेला इतिहास बाहेर येतो' हे या मगाच्या बाबतीत साफ चूक होतं. काही दडलेलं नव्हतं, काही बाहेर आलं नाही. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. इथे जग म्हणजे मी. आणि ही चूक नुसती रसायनाची असती तर मी एवढं लिहिलं नसतं. पडद्याची उपमा धरून मी आपोआप असं समजत होते की स्तंभ हा 'खरा' आणि खंजीर हा त्याच्यावर टाकलेला पडदा. म्हणजे आजोबांच्या अठरा वर्षांच्या बिल्ल्याला मी, त्यांना न विचारता, झाकण ठरवून मोकळी झाले होते. उपमा चटकदार असली की ती असं करते. ती तुमच्या वतीने निष्कर्ष काढते आणि तुम्हाला वाटतं की आपण नुसतं वर्णन केलं.

तुमच्या विषयातही अशा उपमा असतील. पेशी म्हणजे कारखाना, डीएनए म्हणजे आराखडा, नदी म्हणजे धमनी. समजावून सांगायला वापरा, हरकत नाही. पण वापरण्याआधी विचारा: या उपमेप्रमाणे काय दिसायला हवं? आणि तसं दिसतं का? माझ्या उपमेप्रमाणे थंड मगावर काहीच दिसायला नको होतं. तिरक्या उन्हाने तिला खोटं ठरवलं. तपासायला दोन सेकंद लागले असते, मी दोन दिवस घालवले.

बिल्ला म्हणून मग

शेवटचा प्रश्न: लष्करी तुकडीचं चिन्ह अशा मगावर असावं का? मला याबद्दल पावित्र्याचा मुद्दा काढायचा नाही. आजोबांनाही मगाचं वावडं नाही. कॅन्टीनमधून आणलेला रेजिमेंटच्या चिन्हाचा साधा पांढरा कप त्यांनी दांडी तुटेपर्यंत वापरला. माझा आक्षेप वस्तूच्या घडणीवर आहे. बिल्ला कशासाठी असतो? कुणीही, कधीही, लांबूनही ओळखावं म्हणून. आजोबा सांगतात, रोज ब्रासोने घासायचे, आणि परेडला डाग दिसला तर त्या दिवसाची शिक्षा. जे चिन्ह सतत दिसावं म्हणून एवढी मेहनत, ते अशा वस्तूवर छापलं की दिवसातली दहा मिनिटं दिसेल आणि बाकी वेळ काळं राहील. वाढदिवसाच्या शुभेच्छेला ही गंमत शोभते. बिल्ल्याच्या कामाशी ती जुळत नाही. त्यातून उन्हाने आणि घासण्याने असे थर हळूहळू खराब होतात. बिल्ला घासून उजळतो, हा घासून बिघडतो.

मगाचं पुढे काय झालं? दादा नवा छापून आणायला निघाला होता. आजोबा नको म्हणाले. "स्तंभ राहू दे. माझं नाव तेवढं काढा." नाव काढता येणार नव्हतं, रंग पॉलिमरच्या आत शिरलेला, खरवडलं तर खालचा थरही जाईल. मग मी आणि दादाने मगाच्या खोक्यावर चिठ्ठी चिकटवली. शब्दांवरून आमचं अर्धा तास भांडण झालं. शेवटी ठरलं ते असं: 'मगावरील बिल्ला: 1946 नंतरचा, महार मशीनगन रेजिमेंट, कोरेगाव स्तंभासह. आजोबांनी सेवेत लावलेला बिल्ला वेगळा, खंजिराचा; तो ट्रंकेत आहे. मग नातवाने दिला.' आजोबांनी चिठ्ठी वाचली आणि खाली तारीख घालायला लावली.

विज्ञान दिनाला मी मग नेला. सोबत, आजोबांच्या परवानगीने, त्यांचा खरा बिल्लाही. मुलांनी दोन्ही हाताळले. तिरक्या उजेडात थंड मग धरून कड शोधायला सांगितलं तेव्हा सगळ्यात जास्त गोंधळ झाला. गरम पाणी मी शेवटी ओतलं.

आता तुमचं काम. तुमच्या सिनॉप्सिसमधलं, सेमिनारच्या स्लाइडवरचं किंवा प्रकल्प अहवालातलं कुठलंही एक चित्र काढा. त्याखाली तीन ओळी लिहा: हे नेमकं काय आहे आणि कधीचं आहे, हे पाहून वाचक कोणतं विधान मनात धरेल, ते विधान या चित्रावरून खरंच म्हणता येतं का. तिसऱ्या ओळीला अडखळलात तर चित्र फेकू नका. मथळा बदला.